दोघांची कार्डं एकाच गळ्यात

"ताई, रिटायर होऊन दीड वर्ष झालं. बायको मालवणची, लहानपणी आगबोटीने भाऊच्या धक्क्याला यायची, तिची हौस म्हणून सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ केली, बाल्कनीवाली केबिन. मलेशियातल्या पेनांगला बोट लागली त्या सकाळी म्हणाली गुडघा दुखतोय, तुम्ही जाऊन या. मी किल्ला, मशीद, भिंतीवरचं ते सायकलवाल्या मुलांचं चित्र सगळं बघून आलो. साडेचारला परत येतो तर ही डेकवर खुर्चीत, तोंड फुगवून. केबिनमध्ये आराम करायचा सोडून दिवसभर तिथेच! (दोघांची कार्डं माझ्याच गळ्यातल्या पाऊचमध्ये असतात, ती कुठेही विसरते.) तेव्हापासून धड बोलत नाही, मुलाला म्हणाली परत बोटीवर पाय ठेवणार नाही. मी डिसेंबरसाठी मुंबई-लक्षद्वीप बघून ठेवलीय. माझं काय चुकलं? – निवृत्त, ठाणे"

अहो साहेब, पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कंसात अडकले.

क्रूझवर ते कार्ड म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगणार, खोलीची किल्ली तेच, काही विकत घ्यायचं तर पैसे तेच, उतरताना-चढताना मशीनला दाखवायचं तेही तेच. ते गळ्यात घालून तुम्ही पेनांगला उतरलात. मग वहिनी केबिनमध्ये आराम करणार कशा, दार फोडून? जादा पैसे भरून घेतलेली बाल्कनी कुलपात, गुडघ्याची गोळी कुलपात, चष्मासुद्धा (हे अंदाजाने म्हणतेय, पण आमच्या वयाच्या बायकांचा चष्मा असतो तिथे आम्ही नसतो), आणि अकरा वाजता गुडघा जरा बरा वाटून खाली उतरावंसं वाटलं असतं तरी कार्डाशिवाय कुणी सोडलं नसतं. आणि तुम्ही लिहिताय तोंड फुगवून.

आता म्हणाल रिसेप्शनवर मागायचं की. मिळतं, फोटो बघून दुसरं करून देतात. पण तिथल्या मुलीला सांगायचं काय, कार्ड हरवलं? हरवलं नव्हतंच ना! नवरा घेऊन गेला हे सगळ्या लाइनसमोर, ते पण इंग्लिशमध्ये, मला नसतं बाई सांगता आलं.

गुडघ्याचं म्हणाल तर धक्का जॉर्जटाउन गावाला लागूनच आहे, कॉर्नवॉलिसचा किल्ला चालत दहा मिनिटांवर आणि तीनचाकी सायकलरिक्षा फिरत असतात, दोघं आरामात मावतात. विचारलंत का एकदा तरी? की "बरं, तू पड" म्हणून निघालात? पडायला जागा कुठे ठेवली होती तुम्ही!

आणि आर्मेनियन स्ट्रीटवरचं ते चित्र. २०१२ मध्ये भिंतीवर मुलं रंगवली आणि सायकल खरीखुरी लावली, तुम्हीही तिथे उभं राहून फोटो काढला असेलच. परत बघा तो फोटो. हँडल मुलीच्या हातात आहे, मुलगा मागे तिला धरून बसलाय आणि मजेत आहे अगदी.

वहिनी कुठेही विसरतात म्हणता. पस्तीस वर्षं घर चालवलं, तुमचा डबा विसरल्या का कधी? ज्याच्या हातात कधी काही दिलंच नाही तो विसरतो की नाही हे कळणार कसं हो.

लक्षद्वीपचं बुकिंग करा, पण आधी त्यांना विचारून, आणि विचारताना पेनांगला कार्ड नेलं ही माझी चूक झाली हे एक वाक्य बोलायचं, पुढे "पण तू पण ना" लावायचं नाही. तिथे मोठी बोट लांब समुद्रात उभी राहते आणि छोट्या बोटीतून बेटावर जायचं असतं, मालवणला पूर्वी आगबोटीसाठी पडावातून जायचे तसंच, तेव्हा घाबरणार असलात तर तुम्हीच घाबराल, त्या नाहीत. चेक-इनला कार्ड मिळालं की त्यांचं त्यांच्या हातात. त्यांच्यासाठी पाऊच आणायचा नाही. पर्समध्ये ठेवतील, ब्लाउजमध्ये खोचतील, हरवतील, हरवलं तर नवीन मिळतं. आणि तासातासाने "कार्ड आहे ना गं?" हे विचारायचं नाही, एकदासुद्धा नाही, जीभ चावा पण विचारू नका.

आणि हो, घराच्या लॅचच्या किल्ल्या किती आणि कुणाकडे असतात, तेवढं मला उलट टपाली कळवा.