वाचकांचे प्रश्न : नाराची लाकडी मंदिरे आणि अजिंठा

प्रश्न : वेरूळची लेणी दगडात कोरलेली असल्यामुळे टिकली, हे समजते. परंतु जपानची प्राचीन राजधानी नारा येथील मंदिरे लाकडी असूनही तेराशे वर्षे उभी आहेत, असे वाचले. आमच्या वाड्याचे सागवानी खांब शंभर वर्षांतच बुडाशी कुजले; मग तेथे हे कसे जमले? त्या मंदिरांचा अजिंठ्याशी काही संबंध आहे काय?
— एक वाचक, पैठण

उत्तर : ‘तेराशे वर्षे’ हे तेथील प्रत्येक मंदिराला लागू पडत नाही. नारा इ. स. ७१० ते ७८४ या काळात राजधानी होती आणि तेथील तोदाइजी मंदिरातील कांस्य महाबुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हातून झाला. वेरूळचे कैलास लेणे साधारण त्याच शतकातले. मात्र त्या मूर्तीवरचे सभागृह ११८० आणि १५६७ अशा दोन आगींत नष्ट झाले व आजचे १७०९ मधील आहे. मूळचे अकरा खणांचे होते, हे सात खणांचे आहे, कारण पैसा पुरला नाही आणि तेवढे जाड वृक्षही उरले नव्हते. त्याचे खांब लाकडाचे अनेक तुकडे जोडून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेले आहेत.

खरे जुने बांधकाम पाहायचे तर जवळच्या होर्यूजीला जावे. ६७० च्या आगीनंतर पुन्हा उभारलेले तेथील मुख्य मंदिर व पाच मजली पॅगोडा या जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारती मानल्या जातात, आणि पॅगोडाच्या मधल्या खांबाचे झाड ५९४ मध्ये तोडलेले असल्याचे लाकडाच्या वलयांवरून दिसून आले आहे. हिनोकी या सुरूवर्गीय झाडाचे लाकूड टिकाऊ असते, रुंद वळचणीमुळे भिंतींवर पाऊस येत नाही, आणि खांब आपल्या तळखड्यासारख्या दगडावर उभे असतात, हे सारे खरेच. पण माझ्या मते खरे कारण निराळे आहे. लाकडात लाकूड अडकवून केलेले सांधे उकलता येतात, त्यामुळे काही पिढ्यांनी इमारत उतरवून, कुजलेले तेवढे बदलून, पुन्हा उभी करतात. खांबाचे बूड कुजले तर तेवढेच कापून खाली नवा तुकडा सांधतात, वरचा जुना खांब तसाच राहतो. आपल्या वाड्याच्या खांबांवरही हा उपाय जुन्या सुताराला अशक्य नव्हता.

अजिंठ्याशी संबंध भिंतीवरच्या चित्रांचा आहे. होर्यूजीच्या मुख्य मंदिरातील सातव्या शतकाच्या अखेरीची बोधिसत्त्वांची चित्रे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची आठवण करून देतात. मध्य आशिया व चीनमार्गे ही चित्रशैली तेथवर पोहोचली. अराई कानपो या जपानी चित्रकाराने १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्यात राहून चित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि १९४० पासून होर्यूजीच्या भिंतींच्या प्रतिकृती करणाऱ्या एका गटाचे नेतृत्वही त्याच्याकडेच होते. १९४५ मध्ये तो वारला, काम मात्र चालू राहिले. ते अपुरे असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी मंदिरात आग लागून मोठी चित्रे होरपळली. दुरुस्तीसाठी आधीच उतरवून ठेवलेली उडत्या अप्सरांची लहान चित्रे तेवढी वाचली. या हानीनंतर १९५० मध्ये जपानने वारसारक्षणाचा कायदा केला. मंदिरात आज दिसतात ती १९६० च्या दशकात नव्याने रंगवलेली चित्रे. मूळ काळवंडलेल्या भिंती व जळके खांब आवारातील एका कोठीत जपलेले आहेत.