वाचकांचे प्रश्न : एअरब्रशसाठी कॉम्प्रेसर निवडताना

प्रश्न : मी प्लास्टिकची छोटी विमाने आणि रणगाडे जुळवून रंगवतो. आजवर ब्रश आणि स्प्रे कॅन वापरले, आता ०.३ मिलिमीटर नॉझलचा डबल ॲक्शन एअरब्रश घेतला आहे. हार्डवेअरच्या दुकानदाराने २४ लिटर टाकीचा, एक अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर सुचवला. छंदाच्या सामानाच्या दुकानात मात्र ३ लिटर टाकीचा, एक षष्ठांश अश्वशक्तीचा लहान कॉम्प्रेसर दाखवला. मी दुसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये राहतो आणि काम बहुधा रात्री जेवणानंतर करतो. यांपैकी कोणता घ्यावा? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सर्वप्रथम अश्वशक्तीचा आकडा बाजूला ठेवावा. मोटर किती जोराची आहे एवढेच त्यावरून कळते. नॉझलपर्यंत किती हवा पोहोचेल, हे कळत नाही. एअरब्रशला दोनच गोष्टी लागतात : ठरावीक दाब आणि त्या दाबाने अखंड मिळणारी हवा. नीट पातळ केलेला ॲक्रिलिक रंग आपल्या नॉझलमधून मारण्यासाठी साधारण १५ ते २५ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), म्हणजे १ ते १.७ बार दाब पुरतो. बारीक रेषा आणि छटा काढताना रंग आणखी पातळ करून १० ते १२ पीएसआयपर्यंत उतरता येते, आणि दाट प्रायमर मारताना ३० पर्यंत चढावे लागते. त्याच्या वर जाण्याचे कारण सहसा पडत नाही, त्यामुळे खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला ‘८ बार’ हा आकडा आपल्या काही उपयोगाचा नाही.

हवेच्या प्रमाणाचा आकडा मात्र बारकाईने पाहावा. ०.२ ते ०.४ मिलिमीटर नॉझलचा एअरब्रश मिनिटाला साधारण १० ते १५ लिटर हवा घेतो. लहान कॉम्प्रेसरवर ‘मिनिटाला २० ते २३ लिटर’ असे लिहिलेले असते, परंतु हा आकडा बहुधा कोणताही दाब नसताना, उघड्या तोंडाशी मोजलेला असतो. दाब वाढत जातो तसा पुरवठा घटत जातो. मोठ्या यंत्रांचीही हीच तऱ्हा आहे. त्यांच्यावर सीएफएममध्ये दिलेला आकडा (सीएफएम म्हणजे मिनिटाला घनफूट; १ सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८ लिटर) पुष्कळदा दट्ट्याने (पिस्टनने) सरकवलेल्या आकारमानाचा असतो आणि प्रत्यक्षात बाहेर पडणारी हवा त्याहून बरीच कमी असते. म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न एकच : दोन बार दाबाला हे यंत्र मिनिटाला किती लिटर हवा देते? १५ च्या आसपास उत्तर आले तर आपले काम भागते. उत्तरच आले नाही, तर यंत्र सुरू करवून घ्यावे, आपला एअरब्रश जोडून ट्रिगर पूर्ण दाबून धरावा आणि रेग्युलेटरचा, म्हणजे दाब कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा, काटा २० पीएसआयवर टिकतो की घसरत जातो, हे डोळ्यांनी पाहावे.

टाकीविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. तीन लिटरची टाकी घेतली की मोटर बराच वेळ बंद राहील, असे लोकांना वाटते. गणित करून पाहू. अशा यंत्रात मोटर साधारण ४ बारला थांबते आणि ३ बारला पुन्हा सुरू होते. म्हणजे दोन चालींच्या मध्ये टाकीतून एक बार इतकाच दाब उतरतो, आणि ३ लिटरच्या टाकीतून एक बार उतरला म्हणजे बाहेरच्या मापाने सुमारे ३ लिटर हवा निघाली. मिनिटाला १२ लिटर खर्च असेल तर सलग फवारणीत ती पंधरा सेकंदांत संपते. आपण थांबत थांबत रंगवत असल्यामुळे प्रत्यक्षात मोटरला यापेक्षा अधिक विश्रांती मिळते, ही गोष्ट वेगळी. या टाकीचे खरे काम दुसरेच आहे. टाकी नसलेल्या यंत्रात, मग ते दट्ट्याचे असो वा पडद्याचे (डायफ्रॅमचे), प्रत्येक ठोक्याचा धक्का नळीतून नॉझलपर्यंत येतो आणि विमानाच्या पंखावर ओढलेली बारीक रेषा मण्यांच्या माळेसारखी उमटते. टाकी हा धक्का गिळून टाकते, शिवाय हवा थंड करते आणि तिच्यातले पाणी तळाशी बसू देते. त्यामुळे टाकी लहान असली तरी असावी, यावर आम्ही ठाम आहोत.

हाच हिशेब २४ लिटरच्या टाकीला लावला तर तिची बाजू भक्कम दिसते. ८ बारवरून ६ बारवर येईपर्यंत तीतून सुमारे ४८ लिटर हवा मिळते, म्हणजे चार मिनिटांची सलग फवारणी, आणि तेवढा वेळ पूर्ण शांतता. अडचण त्यानंतर येते. हार्डवेअरच्या दुकानातील तेलाचा कॉम्प्रेसर चालू झाला की आवाज सहज ८० डेसिबलच्या आसपास जातो, तर लहान यंत्रांचे उत्पादक ५० च्या आतबाहेरचा आकडा सांगतात. दर १० डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो. ३० चा फरक म्हणजे आठपट. रात्री साडेदहाला तो आवाज घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना सोसवणार नाही, आणि लाद्यांतून खाली जाणारा थरथराट तर अजिबात नाही. तेलाच्या यंत्रातून हवेबरोबर तेलाचे सूक्ष्म कणही येतात. त्यांना अडवणारी वेगळी गाळणी नसेल तर रंगाच्या थरात बारीक गोल खड्डे पडतात. शिवाय त्याच्यासोबत येणारा दाबमापक बहुधा १० किंवा १२ बारपर्यंतचा असतो. त्यावर १.२ आणि १.५ बारमधला फरक वाचणे ही डोळ्यांची परीक्षाच असते.

आपल्यासाठी लहान, बिनतेलाचे, दट्ट्याचे, टाकीचे यंत्र योग्य ठरेल. घेताना ते दाब भरल्यावर आपोआप थांबते का, थांबल्यावर टाकीचा काटा जागेवर राहतो का आणि टाकीखाली पाणी काढण्याचा स्क्रू आहे का, हे तपासावे. घरी ते जाड रबरी मॅटवर ठेवावे. आवाज दाबण्यासाठी कपाटात कोंडू नये, कारण बिनतेलाच्या यंत्राला थंड करणारी फक्त भोवतालची हवा असते. अर्धा तास सतत चालले की त्याला थोडी विश्रांतीही द्यावी. दाब वाचताना ट्रिगर दाबलेला असावा. हवा थांबलेली असताना काटा २० दाखवतो आणि फवारणी सुरू होताच १५ वर येतो, आणि रंगाला लागू असतो तो हा दुसरा आकडा.

पुढेमागे हेल्मेट किंवा मोटारसायकलची टाकी रंगवण्याचा विचार असेल तर मात्र हे सगळे गणित बदलते. मिनी स्प्रे गन मिनिटाला ५० ते १०० लिटर, प्रसंगी त्याहून अधिक हवा मागते. तेथे लहान यंत्र धापा टाकते. तशा वेळी दंतवैद्यांच्या दवाखान्यात असतो तसा, दोन दट्ट्यांचा, बिनतेलाचा, कमी आवाजाचा कॉम्प्रेसर पाहावा.

प्रश्न : मी दरवर्षी घरच्यासाठी आणि नातेवाइकांसाठी शाडूचे गणपती करते. पितांबराच्या आणि कानांच्या छटा एअरब्रशने देते. माझ्या लहान कॉम्प्रेसरला टाकी नाही. उन्हाळ्यात तो चांगला चालतो, पण श्रावणात रंगकामाला बसले की मध्येच पाण्याचा थेंब उडतो आणि ओल्या रंगावर डाग पडतो. नळीच्या सुरुवातीला हवेतले पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप लावला आहे, तरीही हेच होते. काय करावे? — एक वाचिका, रत्नागिरी

उत्तर : कोकणातल्या पावसाळ्यात आपले यंत्र हवेबरोबर पाणीही खेचत असते. २८ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ९० टक्के असेल तर तीत सुमारे २४ ग्रॅम वाफ आधीच असते. ही हवा दाबली की तिचे आकारमान घटते, आणि वाफ मावण्याची जागाही त्याच प्रमाणात घटते. ती निवली की जादा वाफेचे पाणी होते. मात्र सिलिंडरमधून निघताना हवा चांगली गरम असते आणि गरम हवेत वाफ टिकून राहते. म्हणून यंत्राला चिकटून बसवलेल्या ट्रॅपमधून ती वाफ तशीच पुढे जाते, दोन मीटर नळीत निवते आणि थेंब होऊन थेट नॉझलशी येते. आपला ट्रॅप बिघडलेला नाही. त्याची जागा चुकली आहे.

तात्पुरता उपाय स्वस्त आहे. यंत्रानंतर तीन-चार मीटर लांब नळी घ्यावी, तिचा काही भाग जमिनीवर सैल वेटोळे करून ठेवावा, आणि ट्रॅप त्यानंतर, टेबलाच्या कडेला उभा बसवावा. हातात धरण्याच्या जागी, एअरब्रशच्या खाली लावायचा छोटा ट्रॅपही मिळतो. तोही असू द्यावा.

कायमचा उपाय टाकी हाच. टाकीत हवा बाहेरच्या दाबाहून ४ बार वर दाबली जाते, म्हणजे पाच घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये बसते. तिच्यातल्या १२० ग्रॅम वाफेपैकी थंड झाल्यावर २७ ग्रॅमच वाफरूपात राहते आणि उरलेल्या ९३ ग्रॅमचे पाणी टाकीच्या तळाशी जमते. पुढे रेग्युलेटर तो दाब १.४ बारवर आणतो, तेव्हा हवा पसरते आणि तिची आर्द्रता निम्म्याच्याही किंचित खाली येते; मग नळीत थेंब धरण्याचे कारणच उरत नाही. म्हणून टाकी असलेल्या यंत्रावर दाब आधी वर चढवून मग उतरवणे, हा सर्वांत साधा वाळवण्याचा मार्ग आहे. मिनिटाला १५ लिटर हवा ओढणारी मोटर तासभर चालली तर अशा दिवसांत सुमारे १७ मिलिलिटर, म्हणजे तीन चहाचे चमचे पाणी निघेल. ते रोज काम संपल्यावर खालचा स्क्रू सैल करून काढून टाकावे, नाहीतर टाकी आतून गंजते.

डोळ्यांची आखणी आपण ब्रशनेच करत असाल, असे गृहीत धरतो. तिथे कितीही महागडा कॉम्प्रेसर आणला तरी एअरब्रश उपयोगाचा नाही.

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीहून येताना तिथला कॉम्प्रेसर आणू शकतो. ट्रान्सफॉर्मर लावून तो येथे चालेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आणू नये. ट्रान्सफॉर्मर आपल्या २३० व्होल्टचे १२० व्होल्ट करतो, परंतु वारंवारता बदलत नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. या यंत्रांत बहुधा असणारी इंडक्शन मोटर येथे सुमारे एक षष्ठांश हळू फिरेल, त्यामुळे हवा तेवढी कमी मिळेल, आणि मोटर अधिक तापेल. त्यात ते धूड विमानातून आणण्याचा खर्च आणि दुरुस्तीला सुटे भाग न मिळण्याची भीती. भाच्याला चांगला एअरब्रश आणायला सांगावा. तो खिशात मावतो आणि त्याला वीज लागत नाही. फक्त त्याच्या हवेच्या तोंडाचे आटे विचारून घ्यावेत. पुष्कळ एअरब्रशना अष्टमांश इंची बीएसपी (ब्रिटिश प्रमाणाचे) आटे असतात, पण काही अमेरिकी कंपन्यांचे आटे स्वतंत्र असतात आणि त्यांना जोडणारा ॲडॅप्टर तिथूनच आणलेला बरा.

प्रश्न : जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि रिकामा गॅस सिलिंडर वापरून घरीच यंत्र बनवावे का? आवाज अजिबात येत नाही, असे ऐकले आहे. — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आवाजाविषयी आपण ऐकले ते खरे आहे. तरीही आमचे उत्तर नाही असेच आहे. फ्रिजच्या कॉम्प्रेसरला दाब भरल्यावर थांबण्याची सोय नसते, तो हवेबरोबर तेल फेकतो, आणि तो काढताना फ्रिजमधला वायू मोकळा सोडावा लागतो. गॅस सिलिंडरला भोके पाडून जोड देणे त्याहून वाईट, कारण आत राहिलेल्या वायूने काम करतानाच पेट घेतला जाऊ शकतो, आणि पुढे आतून गंजलेले सिलिंडर फुटले तर पत्र्याचे तुकडे अंगावर येतात. एवढे सांगूनही कोणी यंत्र जुळवणारच असेल, तर दाबासाठी बनवलेली आणि तपासलेली टाकी, प्रेशर स्विच आणि सेफ्टी व्हॉल्व्ह या तीन वस्तू विकतच घ्याव्यात. त्या घेतल्यावर तयार लहान यंत्राच्या किमतीशी फारसा फरक उरत नाही, हे दुकानात बेरीज केल्यावर लक्षात येईल.