वाचकांचे प्रश्न : पॉवर मॉड्यूलचे पेटंट आणि परीक्षकाचे आक्षेप

पॉवर सेमीकंडक्टरच्या, म्हणजे मोठा विद्युतप्रवाह हाताळणाऱ्या चिपच्या, पॅकेजिंगसंबंधीच्या पेटंट अर्जांवर पेटंट कार्यालयातल्या परीक्षकांकडून येणाऱ्या आक्षेपांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण या क्षेत्रातले बहुतेक अर्ज त्याच ठिकाणी अडकतात.

प्रश्न : आमच्या गटाने सिलिकॉन कार्बाइड चिपसाठी पॉवर मॉड्यूलची रचना केली आहे. सिलिकॉन नायट्राइडच्या सिरॅमिकवर तांब्याचा थर असलेला सबस्ट्रेट (आधारपट्टी), त्यावर चांदीच्या सिंटरिंगने (चांदीचे सूक्ष्म कण न वितळवता उष्णतेने एकजीव करून) जोडलेली चिप आणि चिपच्या वरच्या बाजूला अॅल्युमिनियमच्या तारांऐवजी सिंटरिंगनेच बसवलेली तांब्याची क्लिप, अशी ही मांडणी आहे. परीक्षकाने दोन जुने दस्तऐवज पुढे केले आहेत. पहिल्यात चिप सिंटरिंगने बसवलेली आहे, पण वर तारा आहेत. दुसऱ्यात तांब्याची क्लिप आहे, पण ती सोल्डरने जोडलेली आहे. दोन्ही एकत्र केले की आमची रचना सहज सुचते, असे त्याचे म्हणणे आहे. आमची संपूर्ण रचना कोणत्याही एका दस्तऐवजात नसताना तो असे कसे म्हणू शकतो? (क्लिपच्या पायाच्या कडेला आम्ही खाचाही पाडल्या आहेत, कारण सपाट पायाच्या क्लिपखाली तापमान-चक्रांच्या चाचणीत चिपवरचा धातूचा थर तडकत होता. ही बाब सहाव्या दाव्यात, म्हणजे संरक्षण नेमके कशाला हवे ते सांगणाऱ्या अर्जातल्या सहाव्या कलमात आहे.)

उत्तर : संपूर्ण रचना एका दस्तऐवजात नाही, एवढ्याने तुमच्या शोधाची नवीनता सिद्ध होते, आणि ती परीक्षकाने नाकारलेलीही नाही. त्याचा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. त्या क्षेत्रातल्या कुशल व्यक्तीला हे सहज सुचले असते का, असे तो विचारतो आहे. शब्द देशागणिक बदलतात. युरोपीय पेटंट कराराच्या कलम ५६ मध्ये हा निकष इन्व्हेंटिव्ह स्टेप म्हणून येतो, अमेरिकी कायद्याच्या कलम १०३ मध्ये उघडपणाचा अभाव म्हणून येतो, तर भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील व्याख्येत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व यांचाही उल्लेख आहे. पण कुशल व्यक्तीला ती गोष्ट उघड वाटू नये, ही अट सगळीकडे कायम आहे. माहितीतले घटक आपापले माहितीतलेच काम करत असतील आणि निकाल अपेक्षेप्रमाणेच येत असेल, तर अशी जुळणी सहसा उघडच ठरते, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या खटल्यात सांगितले. तुमच्या पहिल्या दाव्याकडे परीक्षक नेमके याच नजरेने पाहतो आहे.

त्याच्या जागी बसून पाहा. चांदी ९६१ अंश सेल्सिअसला वितळते, पण तिच्या सूक्ष्म कणांची पेस्ट सुमारे २५० अंशांवर, बहुतेकदा दाब देऊन, सिंटर करता येते आणि नंतर तो थर सोल्डरपेक्षा कितीतरी जास्त तापमान सोसतो, हे त्याला माहीत आहे. अॅल्युमिनियमच्या तारा वारंवार तापून-निवून मुळाशी सुटतात आणि रुंद क्लिप वीज व उष्णता दोन्ही चांगली वाहून नेते, हेही त्याला माहीत आहे. तुमचा पहिला दावा सिंटरिंगला सिंटरिंगचे काम आणि क्लिपला क्लिपचे काम करताना दाखवतो आणि तिथेच थांबतो. तेवढ्याच मजकुरावर निर्णय द्यायचा झाला, तर मीही परीक्षकाच्याच बाजूने दिला असता.

तुमचा खरा शोध मात्र पत्राच्या कंसात आहे, आणि तो कंसात राहिला याचे मला मनापासून वाईट वाटले. सपाट क्लिपखाली थर का तडकत होता? तांबे एका अंशाला दर दशलक्ष भागांमागे सुमारे १७ भाग प्रसरण पावते, सिलिकॉन कार्बाइड सुमारे ४. हा फरक कुठेतरी जिरायला हवा. दुसऱ्या दस्तऐवजातल्या मॉड्यूलमध्ये तो सोल्डरमध्ये जिरतो, कारण सोल्डर मऊ असते, हळूहळू सरकते आणि स्वतः झिजून चिपला वाचवते. चांदीचा सिंटर थर तितका सरकत नाही. तो ताठ असल्यामुळेच टिकतो, आणि ताठ असल्यामुळेच तांब्याची ओढ क्लिपच्या कडेपाशी सरळ चिपवरच्या पातळ धातुथरावर नेऊन सोडतो. म्हणजे ही अडचण पहिल्या दस्तऐवजात नाही, कारण तिथे क्लिप नाही. दुसऱ्यातही नाही, कारण तिथे सिंटरिंग नाही. दोन्ही जोडल्यावरच ती जन्माला येते आणि तुमच्या खाचा तिच्यावरचा उपाय आहेत. दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवून वाचणाऱ्या कुशल माणसाला खाच पाडण्याचे कारणच दिसत नाही, कारण ज्या दोषासाठी ती पाडायची तो दोष दोन्हींपैकी कुठेच नाही.

हे उत्तरात लिहायचेच, पण त्याआधी दावा बदलायला हवा, कारण परीक्षक तुमचे मॉड्यूल तपासत नसतो, तो तुमच्या दाव्याचे वाक्य तपासत असतो. सहाव्या दाव्यातला मजकूर पहिल्यात आणा आणि त्यात खाच व सिंटर थर यांचा संबंध शब्दांत पकडा. ‘क्लिपला खाचा असलेले मॉड्यूल’ एवढे लिहिले, तर वायू बाहेर पडावा म्हणून किंवा जादा सोल्डर मावावे म्हणून खाचा पाडलेला एखादा तिसरा दस्तऐवज परीक्षक पुढे आणील. त्याऐवजी वाक्य साधारण असे हवे : ‘क्लिपचा पाय चांदीच्या सिंटर थराने चिपच्या वरच्या धातुथराला जोडलेला असून त्या पायाच्या कडेलगत अशा खाचा आहेत की कडेजवळील तांब्याची जाडी पायाच्या मध्यभागापेक्षा कमी राहते.’ अर्थात यातला प्रत्येक शब्द मूळ विनिर्देशातून, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या सविस्तर वर्णनातून, किंवा आकृतीतून थेट निघाला पाहिजे. आकृतीत खाच नुसती रेघेने दाखवली असेल आणि जाडीबद्दल कुठेच काही लिहिले नसेल, तर वाक्य तितकेच आखूड ठेवा.

युरोपीय कार्यालयात हाच युक्तिवाद ठरावीक क्रमाने मांडावा लागतो. सर्वांत जवळचा दस्तऐवज कोणता, त्याच्याशी फरक कोणता, त्या फरकाने काय साधते आणि त्यावरून वस्तुनिष्ठ तांत्रिक समस्या कोणती ठरते, असा तो क्रम आहे. शेवटी विचारले जाते की कुशल व्यक्ती हा उपाय करू शकली असती का, एवढेच नव्हे, तर तिने तो खरोखर केला असता का. इतर कार्यालयांत हा साचा सक्तीचा नाही. तरीही त्याच क्रमाने लिहिलेले उत्तर कुठल्याही परीक्षकाला वाचायला सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : परीक्षकाचा पहिला अहवाल आल्यानंतर आम्ही तुलनात्मक चाचण्या केल्या. खाचा असलेली आणि नसलेली क्लिप यांतला फरक छायाचित्रांत स्पष्ट दिसतो. हे निष्कर्ष आता अर्जात घालता येतील का?

उत्तर : अर्जात घालता येणार नाहीत; अर्जाच्या समर्थनार्थ सादर मात्र करता येतील. दाखल झालेल्या विनिर्देशात नवा मजकूर घुसवणे जवळपास सर्वत्र निषिद्ध आहे. युरोपात कराराचे कलम १२३(२) आणि भारतात कायद्याचे कलम ५९ ती वाट बंद करतात. पुरावा म्हणून चाचणीचे निष्कर्ष देणे ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेत त्यासाठी शपथपूर्वक निवेदन देण्याची रूढ पद्धत आहे. युरोपात पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने २०२३ साली जी २/२१ या निर्णयात सांगितले की उशिरा आलेला पुरावा केवळ उशिरा आला म्हणून बाजूला सारता येत नाही. मात्र ज्या परिणामाचा आधार घ्यायचा, तो मूळ अर्जाच्या तांत्रिक शिकवणीत सामावलेला आहे, हे कुशल व्यक्तीला दाखलतारखेच्या अर्जावरून कळायला हवे.

तेव्हा खाचांमुळे धातुथरावरचा ताण कमी होतो, असे एक वाक्य जरी मूळ विनिर्देशात असेल, तरी तुमची छायाचित्रे त्या वाक्याला बळ देतील. तिथे फक्त खाचांचे मोजमाप दिलेले असेल आणि त्या कशासाठी आहेत हे कुठेच नसेल, तर छायाचित्रे कितीही बोलकी असली तरी वाद अवघड होईल. प्रयोगशाळेत वर्षभर घाम गाळलेल्या माणसांचे अर्ज एका न लिहिलेल्या वाक्यापायी पडताना मी पाहिले आहेत. म्हणून पुढच्या अर्जाचा मसुदा करताना प्रत्येक घटकाशेजारी तो कशासाठी आहे आणि तो नसला तर काय बिघडते, हे लिहून ठेवा. छायाचित्रे देताना दोन्ही नमुन्यांचे छेद एकाच जागेवरून, एकाच पटीने मोठे करून घ्या आणि किती चक्रांनंतरचे आहेत ते लिहा. नमुन्यांत खाच सोडून आणखी काही वेगळे असेल, थराची जाडी किंवा सिंटरिंगचा दाब, तर परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवील.

प्रश्न : आम्ही सिंटर थराची जाडी २० ते ५० मायक्रॉन अशी दावा केली आहे. परीक्षक म्हणतो की हे नेहमीच्या प्रयोगातून ठरवता येणारे माप आहे. या जाडीमुळे उष्णतारोध खूप कमी होतो, हे आम्ही आकडेमोडीने दाखवले होते.

उत्तर : त्या आकडेमोडीनेच तुमचा युक्तिवाद कमकुवत केला आहे. ५ मिलिमीटर बाजूच्या चौरस चिपखाली १०० मायक्रॉन सोल्डर असेल आणि त्याची उष्णतावाहकता ५० वॅट प्रति मीटर-केल्विन धरली, तर उष्णता एकाच दिशेने वाहते असे मानून त्या थराचा रोध ०.०८ केल्विन प्रति वॅट येतो, म्हणजे २०० वॅट उष्णतेला १६ अंशांची वाढ. त्याजागी ३० मायक्रॉनचा सिंटर थर घेतला आणि वाहकता २०० धरली, तर रोध ०.००६ येतो आणि वाढ फक्त १.२ अंश. फायदा मोठा आहे यात शंका नाही, पण तो कागदावर पेन्सिलीने आधीच काढता येतो, आणि जे आधीच काढता येते ते कुशल व्यक्तीला अपेक्षितच होते, असे परीक्षक म्हणणार.

पल्ल्याचे समर्थन करायचे तर त्याच्या दोन टोकांना काय घडते ते दाखवावे लागते. थर फार पातळ झाला की पृष्ठभागाचे उंचसखलपण भरून निघत नाही आणि ताणही कमी जाडीत एकवटतो. जाड थरात पेस्टमधला द्रावक आणि वायू बाहेर पडायला वेळ लागतो आणि पोकळ्या राहू शकतात. पण हेही कुशल माणसाला ठाऊक आहे. तुमच्या रचनेत २० मायक्रॉनखाली किंवा ५० मायक्रॉनवर टिकाऊपणा अपेक्षेपेक्षा वेगळ्या रीतीने ढासळत असेल, आणि त्याचे मोजमाप पल्ल्याच्या आतले व बाहेरचे असे दोन्हीकडचे असेल, तरच या आकड्यांवर भिस्त ठेवा. तसे नसेल तर पल्ला दुय्यम दाव्यात राहू द्या आणि वाद दुसऱ्या मुद्द्यावर लढवा.

याच पत्रात ‘कमी इंडक्टन्स असलेली रचना’ या शब्दांवरच्या अस्पष्टतेच्या आक्षेपाबद्दलही विचारले आहे. तो आक्षेप रास्त आहे. इंडक्टन्स म्हणजे प्रवाहातल्या बदलाला मांडणीकडून होणारा विरोध; तो ‘कमी’ कशाच्या तुलनेत, हे दाव्यातून कळत नाही. प्रवाह एका नॅनोसेकंदात ५ अँपिअरने बदलत असेल तर २० नॅनोहेन्री इंडक्टन्सवर १०० व्होल्टची उसळी येते, त्यामुळे चिपच्या सुरक्षिततेसाठी हा आकडा महत्त्वाचा आहेच; पण तो कोणत्या दोन टर्मिनलांमध्ये आणि कोणत्या वारंवारतेवर मोजला, हे विनिर्देशात नसेल तर आकडा घालूनही अस्पष्टता जात नाही. त्यापेक्षा ज्या मांडणीमुळे इंडक्टन्स घटते तीच दाव्यात लिहा : जाणारा आणि येणारा प्रवाह वाहणाऱ्या पट्ट्या एकमेकींवर समांतर, मध्ये अमुक जाडीचा विद्युतरोधक थर.

प्रश्न : अर्ज दाखल करण्याच्या चार महिने आधी आम्ही हे मॉड्यूल एका प्रदर्शनात मांडले होते. ते पूर्णपणे रेझिनमध्ये बंद होते, आतले काहीच दिसत नव्हते. तरीही नवीनता गेली का?

उत्तर : बंद मॉड्यूल टेबलावर नुसते ठेवले होते आणि कोणी ते घेऊन गेले नाही, तर आतली रचना त्यातून उघड झाली असे म्हणणे कठीण आहे. पण खरे प्रश्न वेगळे आहेत. शेजारच्या फलकावर आतल्या रचनेचा छेद छापला होता का? भेट देणाऱ्यांना पत्रक दिले का? एखाद्या ग्राहकाला गोपनीयतेच्या कराराशिवाय नमुना दिला का? नमुना एकदा हातातून गेला की रेझिन आम्लाने विरघळवून किंवा मॉड्यूल कापून आतले सगळे पाहता येते, आणि युरोपात त्याच विस्तारित अपील मंडळाच्या जी १/९२ या मतानुसार बाजारात आलेल्या वस्तूचे विश्लेषण करून जे कळू शकते, ते कोणी प्रत्यक्ष विश्लेषण केले नसले तरी उघड झालेले मानले जाते.

रचना उघड झाली असेल, तर पुढचे सगळे देशावर अवलंबून आहे. अमेरिका आणि जपानमध्ये शोधकर्त्याने स्वतः केलेल्या प्रकटीकरणाला एका वर्षाची सवलत आहे, जपानमध्ये त्यासाठी अर्ज करताना तसे निवेदनही द्यावे लागते. युरोपात प्रदर्शनासाठीची सवलत फक्त अधिकृत आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांपुरती आणि सहा महिन्यांची आहे. भारतात कलम ३१ नुसार १२ महिन्यांची सवलत आहे, पण प्रदर्शनाच्या बाबतीत ते शासनाने अधिसूचित केलेले असावे लागते. तुम्ही कोणकोणत्या देशांत अर्ज केला आहे, ते पत्रात लिहिलेले नाही. फलकाचे छायाचित्र, पत्रकाची प्रत आणि ज्यांना नमुने दिले त्यांची तारखांसह यादी आजच एकत्र करा आणि परीक्षकाला उत्तर देण्याआधी ती तुमच्या पेटंट एजंटसमोर ठेवा.