सरकारी आरोग्य खात्यात डेटा अ‍ॅनालिस्टचं काम नेमकं काय असतं? आयटीतली नोकरी सोडून जावं का?

तुम्ही लिहिलंय की संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलीय, सध्या पुण्यात एका कंपनीत डॅशबोर्ड बनवताय, आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाची एका जिल्ह्यातल्या जागेची जाहिरात पाहिलीय. मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात बरीच वर्षं हेच काम करतोय, करारावर. आधी कामाचं सांगतो, जावं की नाही ते नंतर.

जाहिरातीत 'माहितीचे विश्लेषण' असं जे लिहिलेलं असतं, ते दिवसातून तासभर झालं तरी खूप. बाकीचा वेळ एखादा आकडा कुठून आला, कुणी लिहिला आणि तसाच का लिहिला, हे शोधण्यात जातो. नवीन आलेली मुलं यालाच कंटाळून सोडून जातात. माझ्या मते मात्र खरं काम हेच आहे.

आकड्याचा प्रवास आधी समजून घ्या. गावात साधारण हजार लोकांमागे एक आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती. पाच हजारांमागे एक उपकेंद्र (डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजारांमागे), तिथे सिस्टर. तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पीएचसी. आशा डायरीत लिहिते, सिस्टर रजिस्टरमध्ये उतरवतात, पीएचसीतला ऑपरेटर पोर्टलवर भरतो, तालुक्याला कुणीतरी वरवर बघतं आणि मग ते माझ्या स्क्रीनवर येतं. पोर्टलंही भरपूर. एचएमआयएसवर दर महिन्याची गोळाबेरीज जाते, हे २००८ पासून चालू आहे. आरसीएच या माता-बाल आरोग्याच्या पोर्टलवर एकेका गरोदर मातेची नावानिशी नोंद. साथीच्या आजारांना आयएचआयपी, क्षयरोगाला निक्षय, लसीकरणाला यू-विन. एकाच बाईची माहिती तीन ठिकाणी भरलेली असते आणि तिन्हींचा एकमेकांशी मेळ बसेलच असं नाही. सिस्टरांचा अर्धा जीव या भरण्यात जातो, हे खुर्चीवर बसून तक्ते मागणाऱ्याने विसरू नये.

आता टक्केवारी. तुमच्या कंपनीत ग्राहक किती हे पक्कं माहीत असतं. इथे अंश कसाबसा मिळतो, गोम असते ती छेदात. एखाद्या पीएचसीत वर्षभरात किती बाळं जन्माला येतील याचा अंदाज वरून ठरून येतो. आम्ही त्याला ईएलए म्हणतो. तो अंदाज अजूनही २०११च्या जनगणनेवरून पुढे ताणलेला असतो, कारण २०२१ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात एमआयडीसीलगतची गावं दुप्पट झाली आणि आडवळणाची रिकामी झाली. मग एका पीएचसीचं लसीकरण १२८ टक्के आणि शेजारच्या पीएचसीचं ६१ टक्के असे तक्ते निघतात. काम दोन्हीकडे सारखंच झालेलं असतं. पहिल्याचं कौतुक आणि दुसऱ्याला मेमो असं होऊ द्यायचं नसेल, तर कुणीतरी छेद तपासायला हवा. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-५) महाराष्ट्रातलं पूर्ण लसीकरण ७३.५ टक्के निघालं होतं, आणि आमच्याकडच्या मासिक अहवालांत शंभरीच्या आसपासचे आकडे सर्रास दिसतात. दोन्ही खरे कसे असतील, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा.

यातला सगळ्यात मराठी म्हणावा असा घोळ माहेरपणाचा. पहिल्याच वर्षी माझ्यासमोर एका उपकेंद्राचा आकडा आला. गरोदर मातांची नोंदणी व्यवस्थित, पण प्रसूती जेमतेम निम्म्या. कागदावर बघणाऱ्याला वाटेल की घरी बाळंतपणं होताहेत आणि लपवली जाताहेत. सिस्टरना फोन केला.

"अहो सर, त्या सगळ्या माहेरी गेल्यात. सातव्या महिन्यात ओटी भरली की इथं कोण थांबतंय?"

"मग तिकडची नोंद तुमच्याकडे येते का?"

"आशाला फोन येतो, मुलगा झाला म्हणून. रजिस्टरला मी पेन्सिलीनं लिहून ठेवते. पोर्टलवर कशी चढवू? ती बाळंत झाली ती तिकडच्या दवाखान्यात."

त्या पेन्सिलीच्या नोंदी कुठल्याच पोर्टलवर नसतात. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपल्याकडची रीत. त्यामुळे सासरच्या गावात नोंदणी, माहेरच्या तालुक्यात प्रसूती आणि लसीचे पहिले डोस, पुन्हा सासरी पुढचे डोस. आरसीएचचा बारा आकडी क्रमांक याचसाठी असतो, बाई कुठेही गेली तरी नोंद तिच्या मागे जावी म्हणून. प्रत्यक्षात माहेरच्या दवाखान्यात तो क्रमांक कुणी विचारत नाही आणि नवीन क्रमांक पडतो. शिवाय आधारवर माहेरचं नाव, रजिस्टरला सासरचं. ही एकच बाई आहे हे ओळखायला पायथॉनपेक्षा आपल्या गावाकडची नाती कळणं जास्त उपयोगी पडतं. 'सुनीता'चं इंग्रजी स्पेलिंग किती प्रकारे होतं, हे तुम्हाला इथे आल्यावर कळेल.

त्यात आमच्याकडे ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, त्या हंगाम संपल्यावर परततात. तेवढे महिने काही गावांचे आकडे नुसते वाचून अर्थच लागत नाही. त्या काळात लसीकरण घटलं तर सिस्टरांवर खापर फोडण्याआधी गावात किती कुटुंबं उरलीत ते विचारायचं.

दुसरी गोष्ट जन्मवजनाची. कुठल्याही जिल्ह्याची प्रसूतिगृहातली रजिस्टरं घ्या आणि बाळांच्या वजनाचा आलेख काढा. अडीच किलोवर मनोरा दिसतो, तीनवर आणखी एक. २.४ आणि २.३ला मात्र जवळजवळ सपाट. निसर्गात असं होत नाही. व्याख्येप्रमाणे अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ 'कमी वजनाचं'. बरोबर २.५ लिहिलं की ते सुटलं. थोडा दोष जुन्या काट्याचा असतो, त्यावर जवळचा आकडा वाचायची सवय असते. पण बाकीचं कारण काट्यात नाही. कमी वजनाचं बाळ म्हणजे जादा गृहभेटी, जादा फॉर्म, आणि महिन्याच्या बैठकीत 'तुमच्याकडेच एवढी का?' हा प्रश्न. रात्री तीन वाजता एकटीने बाळंतपण करणाऱ्या बाईने २.३चं २.५ लिहिलं तर मला नवल वाटत नाही. मात्र ज्या बाळाकडे आशाने जास्त वेळा जायला हवं होतं, ते त्या यादीतून गळालेलं असतं, हेही तितकंच खरं.

मृत्यूच्या नोंदीत हेच जास्त गंभीर होतं. जन्मून काही तासांत गेलेलं बाळ 'उपजत मृत्यू'च्या रकान्यात टाकलं की अर्भकमृत्यू कमी दिसतो. सरकारी नोंदींत बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा फार कमी दिसतात, हे डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या बालमृत्यू मूल्यमापन समितीने २००४ सालीच सांगितलं होतं. तेव्हापासून नोंदणी बरीच सुधारली. पण ज्या आकड्याबद्दल ओरडा बसतो तो आकडा हळूहळू सुंदर होत जातो, यात काही बदल नाही. म्हणून बालमृत्यू एकदम घटलेला दिसला की साहेब खूश होतात आणि मी उपजत मृत्यूंचा रकाना उघडतो.

आढावा बैठकीत लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांचा तक्ता लागतो, खालच्या तीन पीएचसींच्या डॉक्टरांना उभं करतात. तो तक्ता बनवणारा तुम्हीच असता. माझी पद्धत सांगतो, पटली तर घ्या. क्रमवारी मागितली की मी देतो, सरकारी नोकरीत नाही म्हणता येत नाही. पण शेजारी एक रकाना जोडतो: छेद कितपत भरवशाचा, पद रिक्त आहे का, गाव स्थलांतराचं आहे का. पहिल्यांदा साहेबांनी 'हे कशाला?' म्हटलं. आता तेच आधी तो रकाना वाचतात.

साथीच्या आजारांचं काम वेगळ्या जातीचं, आणि मला ते जास्त आवडतं. पूर्वी आयडीएसपी या साथरोग सर्वेक्षण कार्यक्रमात एस, पी, एल असे साप्ताहिक फॉर्म होते. एस फॉर्म सिस्टरांचा, संशयित रुग्णांचा, पी डॉक्टरांचा, एल प्रयोगशाळेचा. २०२१ पासून ते आयएचआयपीवर रोजच्या रोज चालतं. इथे पहिला धडा शून्याचा. 'रुग्ण नाहीत' आणि 'अहवाल आला नाही' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक्सेलमध्ये रिकामा रकाना शून्य धरला की पावसाळ्यात पाय घसरलाच म्हणून समजा. जुलै-ऑगस्टात एखाद्या गावातून जुलाब-उलट्यांचे पाच-सात रुग्ण आले की लाइन लिस्ट (एकेका रुग्णाची यादी), पाण्याचा नमुना, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची), टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर किती दिवसांपूर्वी टाकली, ही चक्रं फिरतात. लाइन लिस्टमध्ये वय आणि तारखेइतकाच पाणी कुठलं पितात हा रकाना महत्त्वाचा. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा बातम्यांत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी हीच नावं पुन्हा पुन्हा येत होती. पत्ते एका नकाशावर मांडले की पाण्याकडे बोट जातं, ते असं.

डेंग्यूवरून लोक तुमच्याशी भांडतील, तयारी ठेवा. खाजगी दवाखान्यात किटवर पॉझिटिव्ह आलेले पन्नास आणि सरकारी आकडा आठ. कारण सरकारी नोंदीत निश्चित रुग्ण धरायला प्रयोगशाळेतली एलायझा चाचणी लागते. लपवाछपवी दर वेळी असतेच असं नाही. पण पत्रकाराला हे समजावताना तोंडाला फेस येतो.

काय यायला हवं? एक्सेल मनापासून. पिव्हट, लुकअप आणि घाणेरड्या याद्या साफ करण्याचा संयम. आर किंवा पायथॉन आलं तर तुमचा वेळ वाचेल, मागणार कुणी नाही. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर जरूर शिका, गावाच्या पातळीवरचा नकाशा साहेबांना जेवढा कळतो तेवढा कुठलाच आलेख कळत नाही. गावं जुळवताना नावावर जाऊ नका, एलजीडी कोड (प्रत्येक गावाचा सरकारी क्रमांक) वापरा. एकाच तालुक्यात तीन पिंपळगावं असतात. आणि एक कळकळीची विनंती: रुग्णांची नावं आणि फोन नंबर असलेली यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची पद्धत जिथे असेल, तिथे पहिल्या दिवसापासून विरोध करा. क्षयरोग आणि एचआयव्हीच्या बाबतीत तर एखाद्याचं लग्न मोडतं त्याने.

समाधान कधी मिळतं तेही सांगतो. एका पीएचसीत पेंटा या बाळांच्या लसीचा पहिला डोस ठीक, तिसऱ्याला मोठी गळती. आशा, सिस्टर, लससाठा, सगळं जागेवर. गळतीची गावं वेगळी काढली आणि लसीकरण सत्राचा वार शेजारी मांडला. चारही गावांचं सत्र एकाच वारी, आणि तोच मोठ्या गावाच्या आठवडी बाजाराचा वार. पहिल्या डोसाला बाळ जेमतेम दीड महिन्याचं असतं, आई घरीच असते. तिसऱ्यापर्यंत ती बाजारहाटाला बाहेर पडू लागलेली. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सत्राचा वार बदलला, खर्च शून्य, आणि पुढच्या काही महिन्यांत गळती उतरली. यात कुठलंही मॉडेल नव्हतं, पण वार हा रकाना कुणी आधी मांडला नव्हता.

आता जावं का. पैशासाठी येत असाल तर येऊ नका. अभियानातल्या जागा कराराच्या, मानधन एकत्रित, दर वर्षी नूतनीकरणाची टांगती तलवार. मार्च २०२४मध्ये दहा वर्षं सेवा झालेल्यांच्या समायोजनाचा, म्हणजे त्यांना नियमित सेवेत घेण्याचा, शासन निर्णय निघाला, पण त्याच्या अंमलबजावणीसाठी कर्मचाऱ्यांना पुन्हा संपावर जावं लागलं. त्यावर घराचं कर्ज काढू नका. जोडीदाराची नोकरी पक्की असेल किंवा घरची शेती असेल तर जमतं, मीही त्याच जोरावर टिकलोय. अनुभव म्हणून दोन-तीन वर्षं काढायची असतील तर मात्र जरूर या. नंतर सार्वजनिक आरोग्यातल्या संशोधन संस्था आणि मोठे प्रकल्प अशा अनुभवाला चांगला भाव देतात.

मुलाखतीला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारून घ्या. तुमचं पद जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे आहे की जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, कारण एक जिल्हा परिषदेचे आणि दुसरे सिव्हिलचे, आणि दोघांच्या मधे अडकलात तर रोज दोन तक्ते बनवाल. फिरतीला गाडी किंवा प्रवासभत्ता मिळतो का, कारण महिन्यातून काही दिवस उपकेंद्रांत जाऊन रजिस्टरं उघडली नाहीत तर हे काम करूच नये. आणि आधीचा माणूस का सोडून गेला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर समिती देणार नाही, ते बाहेर बसलेल्या शिपायाला विचारा.