ह्यांना कायरोप्रॅक्टरकडे नेऊ का?

"मॅडम, ह्यांची कंबर चार वर्षं धरलेली आहे. सगळं करून झालं. आता कायरोप्रॅक्टरकडे नेऊ का?"

कायरोप्रॅक्टर म्हणजे मणक्यांना हाताने झटका देऊन उपचार करणारा. मी समुपदेशक आहे, हाडांची डॉक्टर नाही. तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो, आणि विचारणारी बहुतेक वेळा बायकोच असते. कारण त्याला एक शेपूट असतं: "पण हे यायलाच तयार नाहीत."

अशाच एका जोडप्याची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नवरा पंचेचाळिशीचा, स्वतःचा टेम्पो. भाजीची क्रेट चढवायची, रात्रभर चालवायचं, पहाटे मार्केटला उतरवायची. बायको घरी शिवणकाम करणारी, बोलायला चटपटीत. पहिल्या भेटीत तिने पिशवीतून फाइल काढली आणि एकेक कागद टेबलावर मांडला. एमआरआयमध्ये कमरेच्या एल-४, एल-५ या दोन मणक्यांमधली गादी फुगलेली. हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची गरज नाही म्हणून सांगितलेलं. गोळ्या, कमरेचा पट्टा, वजन लावणं, मशीनचा शेक, कटिबस्ती, महानारायण तेल. सासूबाईंच्या आग्रहाखातर पायाळू माणसाची लाथही खाऊन झाली होती. मग भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला: माणसाला कुशीवर वळवतात, एक झटका, कट्ट आवाज, आणि तो हसत उठतो. जवळच्या शहरात असं सेंटर निघालं होतं. पंधरा सिटिंगचं पॅकेज, तीस हजार. तिने भिशीचे पैसे उचलून नंबरही लावला होता. नवरा म्हणाला, "मी येणार नाही." तेव्हापासून घरात बोलणं फक्त मुलीमार्फत.

मी आधी कंबरेचंच विचारलं. लघवी अडते का, नकळत होते का? जांघेत, बैठकीच्या जागी बधिर वाटतं का? पायाचा पंजा उचलताना जड जातं का? यातलं काहीही असेल तर समुपदेशनही नको आणि कायरोप्रॅक्टरही नको, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल. ताप, उतरत चाललेलं वजन, आडवं झाल्यावरही न थांबणारं रात्रीचं दुखणं असेल तरी आधी डॉक्टर. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून भरपूर सापडतो, आणि अशा मणक्याला झटका देणं भलत्याच थराला जाऊ शकतं. तरुण माणसाची पाठ सकाळी अर्धा तास ताठलेली राहत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर संधिवाताच्या तज्ज्ञाकडे जावं. यांच्यात यातलं काही दिसत नव्हतं. पण एमआरआय तीन वर्षांपूर्वीचा होता, म्हणून पुन्हा एकदा डॉक्टरांना दाखवून या, मग बोलू, असं सांगितलं. डॉक्टरांनी तपासून नवीन काही नाही म्हटलं.

दुसऱ्या वेळी ते आले, आणि मी त्यांना एकट्याला बसवलं. खुर्चीच्या काठावर टेकलेले, पट्टा आवळलेला. मणका मोडलाय असंच त्यांनी धरून ठेवलं होतं. रिपोर्टमधला 'बल्ज', म्हणजे गादी फुगल्याचा शब्द वाचल्यापासून वाकायचं सोडलं होतं. बूटही बायको घालून द्यायची. मी त्यांना एक गोष्ट सांगितली. कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या जवळपास निम्म्या लोकांची गादी फुगलेली निघाली, विशीतल्यांतही तीस टक्के. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग हे मला आधी कोणी का नाही सांगितलं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मग नकाराचं कारण निघालं, तेही एक नव्हतं. त्या व्हिडिओत बोटं मोडावीत तशी झटक्याने मानही मोडताना दाखवली होती. तिची त्यांना भीती बसली होती. पैशाचंही होतंच, टेम्पोचा हप्ता थकलेला. पण शेवटी जे बोलले ते मी लिहून ठेवलं: "प्रत्येक नव्या उपायाला ती आठ दिवस खुशीत असते. मग मला फरक पडत नाही. कंबर सोसवते मॅडम, पण तेव्हाचं तिचं तोंड बघवत नाही."

बायकोला हे माहीतच नव्हतं. तिच्या लेखी तो हट्टी होता, बरं व्हायचंच नाही असं ठरवलेला. जुनाट दुखण्याच्या घरांत मला हे फार दिसतं. दुखणं एकाचं आणि उपायाचा ध्यास दुसऱ्याचा. ध्यास प्रेमातूनच येतो, यात शंका नाही. पण फाइल बायकोच्या हातात, अपॉइंटमेंट तिची, डॉक्टरांशी बोलणारीही तीच. माणूस फक्त कंबर घेऊन मागे जातो. मग त्याच्याकडे स्वतःचं म्हणून एकच उत्तर उरतं, नाही.

आता कायरोप्रॅक्टिकबद्दल. दोघांना एकत्र बसवून जे सांगितलं तेच इथे सांगते. ही पद्धत १८९५ साली अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी सुरू केली. पाठीचा मणका बसवल्यावर एका बहिऱ्या माणसाला ऐकू यायला लागलं, ही तिची जन्मकथा. बहुतेक सगळे आजार सरकलेल्या मणक्यांतून होतात, असं पामर मानत. त्याला आजच्या वैद्यकात आधार नाही, त्यामुळे कायरोप्रॅक्टर मधुमेह किंवा दमा बरा करतो म्हणाला तर तिथूनच परत फिरावं. कंबरदुखीचं मात्र वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणं आणि मानसोपचार यांच्या बरोबरीने मणक्यांना हाताने दिली जाणारी ही चालनाही एक पर्याय म्हणून आहे. तिचा गुण बेताचाच. त्याच सूचनांमध्ये कमरेचा पट्टा, वजन लावणं आणि अल्ट्रासाउंडचा शेक सर्रास वापरू नये असं म्हटलंय. हे ऐकून बाईंनी नवऱ्याच्या पट्ट्याकडे जे पाहिलं, ते बघण्यासारखं होतं.

कट्ट आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं असं नसतं. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच.

अमेरिकेत या व्यवसायाला परवाना लागतो. आपल्याकडे मात्र कायरोप्रॅक्टरांसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे परदेशात काही वर्षं शिकून पदवी घेतलेला आणि चार दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारा, दोघांची पाटी सारखीच दिसते. म्हणून शिक्षण कुठे झालं हे सरळ विचारावं. भला माणूस रागावत नाही. फाइल न बघता हात लावत असेल तर उठून यावं. दुखणं कमरेचं असताना मान मोडायचं काहीच कारण नाही; मानेच्या झटक्याने क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. पंधरा सिटिंगचे पैसे आगाऊ मागत असेल तर चार सिटिंगचे देतो म्हणावं. घरी करायचा व्यायाम सांगणार का, हेही विचारावं. आणि हाताने सांधे मोकळे करायचं शिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्टही असतात, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं, कारण त्यांनी फिजिओ म्हणजे मशीनच पाहिलेलं असतं.

एवढं सांगून मी बाईंना म्हटलं, "आता ह्यांना विचारा. नेऊ का, असं नाही. जायचं का, असं."

त्यांना ते जमेना. तीनदा वाक्य सुरू केलं आणि तीनदा शेवटी "आपण जाऊच" निघालं. शेवटी नवराच हसला आणि म्हणाला, "चार वेळा जातो. मानेला हात लावू देणार नाही. आणि तू बाहेर बसायचं."

त्याबरोबर घरातल्या दोन गोष्टी ठरल्या. "कंबर कशी आहे?" हा प्रश्न दिवसातून एकदाच, संध्याकाळी. आणि बूट ते स्वतः घालणार, कितीही वेळ लागो. हे निष्ठुर वाटेल, पण दुखण्याला घरात जितकी चाकरी मिळते तितका माणूस हलायचा कमी होतो, हे विल्बर्ट फोर्डाइस नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने काही दशकांपूर्वी दाखवून दिलं. बाईंना हे सगळ्यात जड गेलं. बूट घालून देणं हीच त्यांची एक जवळीक उरली होती. मग नवराबायकोचा संध्याकाळचा फेरा ठरला, आधी कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत, पुढे वाढवत.

ते चार वेळा गेले. प्रत्येक सिटिंगनंतर दोन दिवस हलकं वाटायचं, मग पुन्हा तेच. पाचव्याला त्यांनी स्वतः नाही म्हटलं आणि उरलेले पैसे हप्त्यात भरले. व्यायाम मात्र धरून ठेवला. क्रेट चढवायला एक पोरगा ठेवला, तेही बायकोच्या हिशेबाने. दुखणं दहापैकी आठवर होतं, ते आता पाचाच्या आसपास असतं, पावसाळ्यात जास्त. पट्टा खुंटीला आहे.

पंधराही सिटिंग घेतली असती तर पूर्ण गुण आला असता, असं बाई अजूनही म्हणतात, आणि ते समोर बसून, "तुझं तीस हजाराचं पॅकेज होतं, माझी कंबर होती," असं उत्तर देतात.