घोणस पाळणाऱ्या मुलास

प्रिय मित्रा,

बरणीतली घोणस आता फुत्कारत नाही, म्हणजे ती माणसाळली असं तू समजतोस. साप माणसाळत नाही. घोणस मुळात दबा धरून बसणारी. तासन् तास हलत नाही आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत चावते. पकडून आणलेली घोणस बरेचदा खाणं टाकते आणि खंगत जाते. तुला दिसतोय तो गप्पपणा बहुधा त्याचाच आहे.

चावा बहुतेक वेळा नेहमीच्या कामात होतो: झाकण उघडताना, पाणी बदलताना, उंदीर सोडताना. मानेमागे धरलं तरी ती जबडा वळवून बोट गाठते. कापडी पिशवीतूनही तिचे दात आरपार जातात. दात काढून टाकायचा विचारही करू नकोस; मागे राखीव दात असतात, ते पुढे येतात.

सराव वाढला की धोका कमी होतो, हा समज सगळ्यात घातक. वारंवार संपर्कात येणाऱ्याच्या शरीरात विषाची ॲलर्जी तयार होऊ शकते. पेटी साफ करताना वाळलेल्या विषाचे कण श्वासातून गेले तरी ते पुरतं. मग पुढच्या चाव्यात विष भिनण्याआधीच, काही मिनिटांत घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो.

दवाखान्यात प्रतिविष मिळेल, हे खरं. पण १० मिलीची एक कुपी घोणसीचं साधारण ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करते आणि एका चाव्यात त्याच्या दहापट विष येऊ शकतं. म्हणून सुरुवातच ८ ते १० कुप्यांनी होते. तेवढ्यात रक्त गोठेनासं झालेलं असतं, मूत्रपिंडं निकामी झाली तर डायलिसिस लागतो. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांपुरतंच आहे. तुझ्या मित्राने चापडा (हिरवा विषारी साप) ठेवला असेल, तर त्याच्यावर ते चालत नाही, हे त्याला आजच सांग.

कायद्याचंही ऐक. २०२३ पासून घोणस आणि नाग वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पकडलं तर शिक्षा किमान तीन वर्षांच्या कैदेची आहे.

आता काय करायचं ते सांगतो. बरणी उघडू नकोस, पाणीसुद्धा घालू नकोस. झाकण घट्ट आहे ना आणि हवेची भोकं मोकळी आहेत ना, एवढंच बाहेरून पाहा. बरणी उन्हापासून दूर, जमिनीवर ठेव आणि खोलीला कुलूप लाव. घरच्यांना सांग. मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन कर. साप कुठून आणला ते खरं सांग, म्हणजे त्याला त्याच परिसरात सोडता येईल. स्वतः सोडायला जाऊ नकोस.

त्याआधी चावलीच, तर अंगठी, कडं, घड्याळ काढ. आवळून काही बांधू नकोस, चिरू नकोस, चोखू नकोस. चावलेला भाग फळीने स्थिर कर, चालू नकोस आणि १०८ ला फोन कर. चावा किती वाजता झाला आणि साप कोणता, हे डॉक्टरांना लगेच सांग.

तुझा,
दादा