अजून २,८०० राहिलेत

“मॅडम, पोरगं खिशाला हात घालायला लागलंय.”

प्रणवचे वडील खुर्चीत बसण्याआधीच हे बोलले. आई शेजारी मान खाली घालून बसली होती. प्रणव बाहेरच्या बाकावर. वय १२, सातवीत. (नाव आणि काही तपशील बदलले आहेत.) वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. फेब्रुवारी संपत आला होता, नव्या हळदीचे सौदे जोरात होते, आणि त्या गर्दीतून अर्धा दिवस काढून ते विश्रामबागला माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते. म्हणजे गोष्ट त्यांना किती लागली होती ते कळत होतं. “मालकाच्या लाखोंचा हिशेब मी पैशाला पैसा जुळवतो,” ते म्हणाले, “आणि माझ्या घरात हे.”

शर्टाच्या खिशातली २०० ची नोट गेली तेव्हा त्यांना वाटलं, कुठं तरी पडली असेल. दुसऱ्यांदा प्रणव सापडला. एक थप्पड बसली. तो रडलाही नाही आणि काही बोललाही नाही.

“त्याला पॉकेटमनी देता का?” मी विचारलं.

“कशाला? लागेल तेव्हा माग म्हणतो. कधी नाही म्हटलंय का?”

आईनं हळूच सांगितलं, “नाही म्हणतात की. मूड असला तर देतात.”

पॉकेटमनी द्यावा का, किती, कुठल्या वयापासून, हे मला दर आठवड्याला कुणी तरी विचारतं. बहुतेक घरांत उत्तर प्रणवच्या घरासारखंच असतं: लागेल तसे देतो. ऐकायला ते प्रेमळ वाटतं. पण मुलाच्या बाजूनं बघा. त्याला पैसे कधी मिळतील हे ठाऊक नसतं, किती मिळतील हेही नसतं. वडिलांचा चेहरा ओळखायला तेवढं तो शिकतो. पैसे सांभाळायला शिकायचं तर आधी हातात काही तरी असावं लागतं.

मी प्रणवला एकट्याला आत बोलावलं. थोडा वेळ क्रिकेटवर गेला. मग मी सरळच विचारलं, “आतापर्यंत एकूण किती घेतलेस?”

“साडेसहाशे.”

वडिलांना दोनच वेळा ठाऊक होत्या. हा काही न लपवता पूर्ण आकडा सांगत होता, आणि त्याच्या आवाजात भीती नव्हती. मी गप्प राहिले. मग तो म्हणाला, “अजून २,८०० राहिलेत.”

“कुणाकडे?”

“आईकडे. मी माझेच घेतले.”

मग त्यानं पाढे म्हणावेत तसा हिशेब सांगितला. दोन दिवाळ्यांना मामानं दिलेले पाचशे-पाचशे. आजोळहून निघताना आजीनं चार वेळा हातावर ठेवलेले दोन-दोनशे. काकाच्या लग्नात करवला म्हणून मिळालेले ११००. दोन वाढदिवसांचे मिळून ५५०. एकूण ३,४५०. प्रत्येक वेळी आई म्हणाली होती, “आण इकडं, तुझ्यासाठी ठेवते.” एकदाही ते परत आले नव्हते. एकदा मागितले तर, “तुला काय कमी आहे?”

ती २०० ची नोट कुठं गेली तेही त्यानं सांगितलं. क्लासमधून सुटल्यावर चार मित्र भेळ खायचे. पैसे नेहमी तेच द्यायचे. एक दिवस त्यांतला एक सगळ्यांसमोर म्हणाला, “हा कायम फुकटच खातो.” दुसऱ्या दिवशी प्रणवनं सगळ्यांना भेळ खिलवली.

मला त्या मुलाची फार कणव आली. दोन वर्षं तो एक वही मनात ठेवून होता आणि घरात कुणाला तिचा पत्ता नव्हता. तरीही मी त्याला स्पष्ट सांगितलं की पैसे तुझे असले तरी न विचारता बाबांच्या खिशातून घेणं चूक आहे, आणि ते तुला त्यांना सांगावं लागेल. त्यानं मान हलवली. मग विचारलं, “आणि आईला कोण सांगणार?”

आईला मी सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “त्याच्यावरच खर्च झाले हो सगळे. क्लासची फी, सिलिंडर, एकदा सासूबाईंची औषधं. मी माझ्यासाठी एक रुपया घेतला नाही.” यात खोटं काही नव्हतं. आपल्याकडे बहुतेक आया हेच करतात. त्यात लबाडी नसते, घर चालवायची ओढाताण असते. म्हणून तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. पण एक गोष्ट तिला दिसायला हवी होती.

ती गल्लीत भिशी चालवते. बारा बायका, महिन्याला हजार, दर १० तारखेला. मी विचारलं, “एखादीचा नंबर लागला आणि तुम्ही म्हणालात, ‘पैसे होते, पण घरात लागले, तुला काय कमी आहे?’ तर?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पुढच्या वर्षी माझ्याकडे कोण भिशी लावेल?”

वडिलांना मी पट्टीचं विचारलं. शेतकऱ्याची हळद विकली की अडत्या त्याला पट्टी देतो: वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती वजा, हातात किती. “पट्टी न देता ‘तुमचे पैसे ठेवलेत, बघू’ म्हणालात तर?” ते म्हणाले, “पुढच्या खेपेला तो गाडी दुसऱ्याच्या दारात लावेल.” आणि मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

लहान मुलं वाट बघू शकतात का, यावरचा एक प्रयोग तुम्ही ऐकला असेल. मुलापुढं एक गोड गोळी ठेवायची आणि सांगायचं, मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जो थांबतो तो संयमी, असा अर्थ वर्षानुवर्षं लावला गेला. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच्याआधी एक पायरी जोडली. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना चित्रं काढताना आणखी छान रंग आणि स्टिकर आणून देऊ असं सांगितलं. निम्म्यांना ते खरंच दिले. उरलेल्यांना सांगितलं, “माफ कर, नाहीत आमच्याकडे.” मग गोळी ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती ३ मिनिटं. पूर्ण १५ मिनिटं थांबणारी पहिल्या गटात १४ पैकी ९ होती, दुसऱ्या गटात फक्त एक.

हे मी पालकांना वारंवार सांगते, कारण “आमचा मुलगा हातात पैसा आला की उडवतो” ही तक्रार घेऊन आलेल्या किती तरी घरांत मला हाच दुसरा गट दिसला आहे. ठेवलेला पैसा परत येत नाही हे मूल अनुभवानं शिकलेलं असतं. त्याच्या दृष्टीनं लगेच खर्च करणं हाच शहाणपणा असतो. अशा मुलाला बचतीचं व्याख्यान देऊन काय होणार?

तर आम्ही असं ठरवलं. आईनं २,८०० चं देणं मान्य करायचं. एकरकमी जमणार नव्हतं, म्हणून महिन्याला ४०० प्रमाणे सात हप्ते, मार्चपासून. प्रणवनं बाबांपुढं साडेसहाशेची कबुली द्यायची. ती त्यानं माझ्या खोलीतच दिली. वडील म्हणाले, “मारायला नको होतं मी.”

पॉकेटमनी किती, हा प्रश्न सोपा निघाला. मी त्यांना दोन आठवडे फक्त लिहून ठेवायला सांगितलं: प्रणवच्या हातावर किंवा त्याच्या हट्टापायी सुटे-सुटे किती जातात. ३८० निघाले. वडिलांना खरंच वाटेना. मग आठवड्याला १५० ठरले, रविवारी सकाळी, चहाच्या वेळी. बाहेरचा खाऊ, मित्रांबरोबरची भेळ, चेंडू, मित्राच्या वाढदिवसाची भेट यातून. वह्या, डबा, रिक्षा, औषध घरातून. पहिली-दुसरीच्या मुलाला आठवड्याला वीस रुपयेही पुरतात. शेजारच्या मुलाला किती मिळतात ते बघून रक्कम ठरवू नका, आपलं घर काय पेलतं ते बघा, आणि घरात पैशाची ओढाताण असेल तर मुलाला तसं सांगा. मुलांना ते कळतं.

वडिलांची सूचना होती की भांडी लावली की दहा, गाडी पुसली की वीस. मी नको म्हणाले. ताट उचलायचे पैसे मिळाले की ताट उचलणं हा सौदा होतो, आणि सौद्यात “आज नको” म्हणता येतं. मार्क कमी पडले म्हणून पॉकेटमनी कापायचाही नाही. मोबाइलवरून पैसे देणंही इतक्यात नको. नोट मोडली, सुटे आले, खिसा हलका झाला, हे या वयात बोटांना कळायला हवं.

पहिल्या रविवारचे दीडशे सोमवारी संध्याकाळी संपले. पुन्हा सगळ्यांना भेळ. गुरुवारी घरातल्या आजीनं लपवून ५० दिले. पोरगं तोंड वाळवून बसलंय, हे तिला बघवेना. आजी-आजोबांचा हा मुद्दा जवळजवळ प्रत्येक घरात येतो आणि तो हळुवारच हाताळावा लागतो, कारण त्या पन्नासात तिचा जीव असतो. मी आजींना बोलावून घेतलं. त्यांना एवढंच सांगितलं की शुक्रवार-शनिवार रिकाम्या खिशानं काढू द्या, द्यायचंच तर उघड द्या, सणाला द्या. त्या म्हणाल्या, “आमच्या लहानपणी मातीचा गल्ला होता. फोडायचा तर वर्षानं, आणि फोडणार मीच.” पैसे कुणाचे, हा अख्खा मुद्दा त्यांना आधीच ठाऊक होता.

मग हळूहळू पैसे बुधवारपर्यंत टिकू लागले. एका मित्राला १०० उसने दिले, ते आजतागायत आले नाहीत. मे महिन्यात एका मोठ्या मुलाकडून ९०० ला जुनी बॅट घेतली, ती पंधरा दिवसांत तडकली. तो खूप रडला. वडिलांचा मला फोन: “नवी आणून देऊ का?” मी म्हटलं, जवळ बसा त्याच्या, पण बॅट आणू नका. नऊशे रुपये वाया गेल्याचं दुःख बाराव्या वर्षी परवडतं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो एप्रिलमधला एक रविवार. यार्डात हिशेबांची घाई, वडील पहाटेच गेले, रात्री उशिरा आले, पैसे द्यायचे राहिले. सोमवारी सकाळी त्यांचा शर्ट खुंटीवर होता, खिशात नोटा होत्या. त्यांना एकदम आठवलं आणि धस्स झालं. नोटा मोजल्या. सगळ्या होत्या. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रविवारच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलं होतं: “१५० बाकी.” त्यांनी त्याला झोपेतून उठवून पैसे दिले.

सातवा हप्ता सप्टेंबरात फिटला. दहा वर्षांपुढच्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावानं बचत खातं उघडून स्वतः चालवता येतं, सुरुवातीला ५०० रुपये लागतात. ते मी सुचवलं होतं. प्रणव म्हणाला, विचार करतो.

दिवाळीत मामा आला. जाताना त्यानं प्रणवच्या हातावर पाचशेची नोट ठेवली. आईनं मला नंतर सांगितलं, “माझा हात सवयीनं पुढं गेला हो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी हात मागं घेतला.” प्रणव नोट घेऊन आत गेला. थोड्या वेळानं तिची भिशीची वही घेऊन बाहेर आला, शेवटचं कोरं पान उघडलं, वर स्वतःचं नाव लिहिलं आणि नोट तिच्यापुढं धरली.

“ठेव तुझ्याकडं,” तो म्हणाला. “पण सही कर.”